पंखावरचा पातळ थर

स्तर ५ • पाठ ११ • वाचन आणि संवाद

वाचण्यापूर्वी

हिवाळ्याच्या सुट्टीत भारतात जायला निघालात आणि तुमचं विमान धावपट्टीवर जाण्याआधी बराच वेळ थांबून राहिलं, असं कधी झालंय का? खिडकीतून एक मोठा ट्रक आणि त्याच्या लांब दांड्यातून पंखांवर पडणारा नारिंगी फवारा दिसला होता का? शिकागो, टोरांटो, नुअर्क अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलांना हे दृश्य ओळखीचं असेल. दुबई किंवा मॉरिशसच्या मुलांनी ते बहुतेक पाहिलेलं नसेल.

आज आपण दोन गोष्टी समजून घेऊ. पंखावर साचलेला बर्फ एवढा घातक का असतो? आणि तो डोळ्यांना दिसत असूनही माणसं कधी कधी गप्प का बसतात?

आधी तीन शब्द

मराठीत आपण बऱ्याच गोष्टींना सरसकट 'बर्फ' म्हणतो. सरबतातला खडाही बर्फ आणि अंगणात साचलेला पांढरा ढीगही बर्फ. या पाठापुरते आपण तीन शब्द वेगळे ठेवू.

बर्फ: पाणी गोठून झालेला कडक थर किंवा तुकडा.
हिम: आकाशातून भुरभुरत पडणारे पांढरे, मऊ कण.
दहिवर: रात्रीच्या थंडीत पृष्ठभागावर गोठून बसलेला पांढरा, पातळ, खरखरीत थर.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठतं. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे फोटो येतात. 'दहिवर' हा जुना शब्द आहे. काही ठिकाणी साध्या दवालाही दहिवर म्हणतात. तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा, त्यांच्या गावी काय म्हणायचे ते.

१. थर पातळ, धोका मोठा

पंखावर बर्फ बसला की विमान जड होतं आणि म्हणून पडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. वजन वाढतं हे खरं आहे, पण मुख्य अडचण वेगळीच आहे.

विमान हवेत टिकतं ते पंखांमुळे. विमान वेगाने पुढे जातं तेव्हा पंखाच्या वरून आणि खालून हवा वाहते. वरून जाणारी हवा पंखाच्या गोलाईला चिकटून, वळत वळत मागे जाते आणि खालच्या दिशेला ढकलली जाते. पंख हवेला खाली ढकलतो, तेव्हा हवा पंखाला वर उचलते. हे सगळं नीट घडायला पंखाचा पृष्ठभाग गुळगुळीत लागतो.

आता त्या पृष्ठभागावर दहिवर बसलं तर? सुताराकडे लाकूड घासायचा पॉलिश पेपर तुम्ही पाहिला असेल. त्याच्यावर बोट फिरवलं की खरखर लागते. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या बाजूला एवढासा खरखरीतपणा आला, तरी पंखाची उचलण्याची ताकद ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. हवेचा विरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. या खरखरीत थरावरून जाताना हवा अडखळते, पंखाला चिकटून राहत नाही आणि लवकर सुटते. विमानाचं नाक वर उचलताना तर हा धोका सगळ्यात जास्त असतो, कारण त्याच वेळी पंखाला सर्वाधिक काम करायचं असतं. त्यात विमान जमिनीच्या अगदी जवळ असतं. चूक सुधारायला उंचीही नसते आणि वेळही नसतो.

म्हणून विमान उडवणाऱ्यांचा एक साधा नियम आहे: पंख स्वच्छ असल्याशिवाय उडायचं नाही. 'थोडासाच तर आहे', 'धावताना उडून जाईल' असले हिशेब इथे चालत नाहीत.

२. वॉशिंग्टन, १३ जानेवारी १९८२

त्या बुधवारी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथे जोराची हिमवृष्टी होत होती. शहराच्या नॅशनल विमानतळावरची धावपट्टी साफ करण्यासाठी काही वेळ बंद ठेवावी लागली. एअर फ्लोरिडा कंपनीचं ९० क्रमांकाचं विमान दुपारी सव्वादोनला फ्लोरिडाकडे निघायचं होतं. ते पावणेदोन तास रखडलं. बोइंग ७३७ जातीच्या त्या विमानात ७४ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते.

निघण्याआधी विमानावर बर्फ काढणारा द्रव मारला गेला होता. पण त्यानंतर विमानांची रांग लागली. फवारणी संपल्यापासून उड्डाण सुरू होईपर्यंत ४९ मिनिटं गेली, आणि तेवढा सगळा वेळ हिम पडतच होतं. पंख पुन्हा पांढरे झाले.

रांगेत असताना हे विमान पुढच्या विमानाच्या बरंच जवळ नेलं गेलं. त्याच्या इंजिनांतून येणाऱ्या गरम झोताने आपल्या पंखांवरचं हिम वितळेल, अशी वैमानिकांची कल्पना होती. पण वितळलेलं पाणी थंड पंखावर पुन्हा गोठू शकतं. भुरभुरीत हिम निदान झटकता तरी येतं. गोठलेलं पाणी मात्र पंखाला घट्ट चिकटून बसतं.

आणखी एक गोष्ट राहून गेली होती. जेट इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजणारी एक छोटी नळी असते. थंडीत ती बर्फाने बुजू नये म्हणून इंजिनाला गरम ठेवणारी यंत्रणा असते. वैमानिकांनी तपासणीची यादी वाचली. सहवैमानिकाने त्या यंत्रणेचं नाव वाचलं आणि कॅप्टनने उत्तर दिलं, 'बंद.' यादी पुढे सरकली. बाहेर हिम पडत होतं, तरी दोघांपैकी कुणीच तिथे अडखळलं नाही. दोघांनाही अशा हवेत विमान नेण्याचा अनुभव फार कमी होता.

तपासणीची यादी कशासाठी असते? प्रत्येक ओळीपाशी क्षणभर थांबून विचार करण्यासाठी. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही नवी आवृत्ती लोकांपर्यंत पोहोचवण्याआधी अशी यादी असते. रोज तीच यादी वाचून उत्तरं तोंडपाठ होतात आणि मग नुसती पोपटपंची सुरू होते. प्रश्न कानावर पडतो, उत्तर तोंडातून निघतं, पण डोकं मधे येतच नाही.

३. 'हे बरोबर वाटत नाही'

चार वाजायला आले होते. विमान धावपट्टीवर धावू लागलं. समोरच्या एका काट्यानुसार इंजिनं ठरलेली पूर्ण ताकद देत होती. तो आकडा होता २.०४. प्रत्यक्षात ती १.७० इतकीच देत होती. बर्फाने बुजलेल्या नळीमुळे काटा खोटं बोलत होता. बाकीचे काटे मात्र खरं सांगत होते, आणि त्या सगळ्यांचा मेळ बसत नव्हता.

सहवैमानिकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हे बरोबर वाटत नाही, असं तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. कॅप्टनने वेग वाढतोय हे दाखवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. सहवैमानिकाला ते पटलं नव्हतं. मग तो नरमला. असेल कदाचित, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि शेवटी, काय माहीत, असं म्हणून थांबला. वैमानिकांच्या कक्षातलं बोलणं टेपवर नोंदलेलं असतं, म्हणून हे आपल्याला कळतं.

तेव्हा विमान अजून जमिनीवर होतं. उड्डाण रद्द करून थांबता आलं असतं.

विमान नेहमीपेक्षा बरंच जास्त अंतर धावून कसंबसं उचललं गेलं. नाक वर गेलं, पण विमान वर जाईना. इंजिनांमध्ये आणखी ताकद शिल्लक होती, पण ती वेळेवर वापरली गेली नाही. काही सेकंदांतच विमान चौदाव्या रस्त्याच्या पुलावर आदळलं आणि गोठलेल्या पोटोमॅक नदीत कोसळलं. बर्फामुळे कचेऱ्या लवकर सुटल्या होत्या आणि पुलावर गाड्यांची गर्दी होती. पुलावरची ४ माणसं आणि विमानातली ७४ माणसं गेली. पाच जण वाचले.

त्या पाच जणांना वाचवताना जे घडलं ते अमेरिकेत आजही आठवलं जातं. पोलिसांच्या हेलिकॉप्टरने नदीत दोर सोडला. आर्लंड विल्यम्स नावाच्या प्रवाशाच्या हाती तो दोर आला, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्याला दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. शेवटी हेलिकॉप्टर त्यांच्यासाठी परत आलं, तोवर ते पाण्याखाली गेले होते. पुलाच्या त्या भागाला आज त्यांचं नाव आहे. काठावर उभ्या असलेल्या लेनी स्कटनिक या सरकारी कर्मचाऱ्याने एका बुडणाऱ्या बाईंना पाहिलं आणि त्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी मारून त्यांना बाहेर काढलं.

४. सगळ्यांना दिसलं, कुणी बोललं नाही

सात वर्षांनी, १० मार्च १९८९ रोजी, कॅनडातल्या ड्रायडन या छोट्या गावी एअर ऑन्टारियोचं विमान थांबलं होतं. हिम पडत होतं. विमानातलं इंजिन सुरू करायला मदत करणारं एक यंत्र बिघडलेलं होतं आणि ड्रायडनच्या विमानतळावर त्याला पर्याय नव्हता. म्हणजे इंजिन बंद केलं असतं तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. आणि इंजिन चालू असताना बर्फ काढायची फवारणी करायला कंपनीची मनाई होती. म्हणून फवारणी झालीच नाही.

प्रवाशांना खिडकीतून पंखांवरचं हिम दिसत होतं. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनाही दिसत होतं. प्रवाशांमध्ये सुट्टीवर असलेले दोन वैमानिकही होते. वैमानिकांच्या कक्षापर्यंत मात्र कुणीच ही गोष्ट पोहोचवली नाही. कॅप्टनला माहीत असेलच, असं प्रत्येकाने गृहीत धरलं. आपण सांगितलेलं त्यांना आवडणार नाही, अशीही भीती होती. विमान धावपट्टीपलीकडच्या झाडांत कोसळलं आणि ६९ जणांपैकी २४ जण मरण पावले.

न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या आयोगाने या अपघाताची सखोल चौकशी केली. त्यांनी दोष फक्त वैमानिकावर टाकला नाही. बिघडलेलं यंत्र, अपुऱ्या सोयी, वेळ गाठण्याची घाई, नियमांतल्या फटी आणि गप्प बसण्याची सवय अशी एकेक कडी त्यांनी उलगडून दाखवली.

२२ मार्च १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरही असंच घडलं. दुसऱ्यांदा फवारणी झाल्यावर विमान ३५ मिनिटांनी उडालं. तेवढ्यात पंखांवर पुन्हा बर्फ जमला होता. ५१ पैकी २७ जण गेले. त्याच वर्षी, पुढचा हिवाळा यायच्या आत, अमेरिकेने या बाबतीतले नियम कडक केले.

५. तो नारिंगी आणि हिरवा फवारा

आता त्या ट्रककडे परत जाऊ. नारिंगी द्रव म्हणजे ग्लायकॉल आणि पाण्याचं गरम मिश्रण. ते जोराने मारलं की साचलेला बर्फ वितळतो आणि धुऊन निघतो. ग्लायकॉलमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पॉट आइस्क्रीम करताना भांड्याभोवतीच्या बर्फात खडेमीठ टाकतात ना, तिथेही मीठ हेच काम करतं. शून्य अंशाच्या खालीही ते पाणी पाणीच राहतं.

त्यानंतर बऱ्याचदा हिरवा द्रव मारतात. तो दाट असतो आणि पंखावर चादरीसारखा पसरून राहतो. वरून पडणारं हिम तो आपल्यात विरघळवून घेतो. विमान वेगाने धावू लागलं की हवेच्या जोराने तो पंखावरून वाहून जातो आणि पंख स्वच्छ होतो.

पण ही चादर कायमची नसते. किती वेळ टिकेल हे तापमानावर, हिम किती जोराने पडतंय त्यावर आणि द्रवाच्या प्रकारावर ठरतं. त्यासाठी तक्ते असतात. तक्त्यातली वेळ संपली, तर उड्डाणाआधीच्या पाच मिनिटांत पंख पुन्हा तपासावे लागतात, नाहीतर परत जाऊन पुन्हा फवारणी करून घ्यावी लागते. काही विमानांच्या पंखावर तर हात फिरवूनही बघतात. पारदर्शक बर्फ डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतो.

म्हणून पुढच्या वेळी कॅप्टनने 'उशीर होतोय' असं सांगितलं आणि शेजारचे काका वैतागले, तर त्यांना हे सगळं मराठीत समजावून सांगा, बरं का!

६. लहान तोंडी मोठा घास?

'लहान तोंडी मोठा घास घेऊ नये' असं आपल्याकडे म्हणतात. लहानांनी मोठ्यांपुढे आपल्या योग्यतेपेक्षा मोठं बोलू नये, असा त्याचा अर्थ. मोठ्यांचा मान राखणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण मान राखणं म्हणजे गप्प बसणं, असं झालं की ते जिवावर बेतू शकतं. ही अडचण फक्त आपल्या घरांत असते असं समजू नका. वॉशिंग्टनच्या त्या विमानात दोघेही अमेरिकन होते आणि तरीही सहवैमानिकाचा आवाज हळूहळू खाली आला.

विमान कंपन्यांनी यावर उपाय शोधला. १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी एक नवीन प्रशिक्षण सुरू केलं होतं. पुढे जगभर तशी प्रशिक्षणं आली. धाकट्याने शंका स्पष्ट बोलायची आणि थोरल्याने ती ऐकून घ्यायची, या दोन्ही गोष्टींचा तिथे सराव करून घेतात. सराव लागतो, कारण ऐन वेळी धीटपणा आपोआप येत नाही. पोटोमॅकच्या अपघाताचं उदाहरण अशा वर्गांत अनेकदा दिलं जातं.

आपणही सराव करू. शंका सांगताना तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिली: नीट हाक मारा, म्हणजे समोरच्याचं लक्ष वेधलं जाईल.
दुसरी: तुम्हाला काय दिसलं ते सांगा.
तिसरी: काय करायला हवं ते स्पष्ट सांगा.

मोघम वाक्य: 'आजोबा, ती गोळी... म्हणजे, असू दे.'
स्पष्ट वाक्य: 'आजोबा, थांबा. ही गोळी तुम्ही सकाळी घेतली होती, मी पाहिलं. आधी आईला विचारू, मग घ्या.'

दुसऱ्या वाक्यात 'तुम्ही' आहे, 'घ्या' आहे. आजोबांचा मान कुठेही कमी झालेला नाही. मराठीत आदर क्रियापदात ठेवता येतो, त्यासाठी मुद्दा पातळ करावा लागत नाही.

शब्दार्थ

पृष्ठभाग: वस्तूची वरची बाजू
खरखरीत: हाताला टोचणारं, गुळगुळीत नसलेलं
गोठणबिंदू: द्रव ज्या तापमानाला गोठतो ते तापमान
सहवैमानिक: कॅप्टनच्या जोडीने विमान चालवणारा वैमानिक
झोत: जोराने येणारा हवेचा, पाण्याचा किंवा प्रकाशाचा प्रवाह
मोघम: स्पष्ट नसलेलं, गुळमुळीत
आयोग: चौकशीसाठी सरकारने नेमलेली समिती

वाक्प्रचार

शंकेची पाल चुकचुकणे: काहीतरी चुकतंय असा संशय येणे
पोपटपंची करणे: अर्थ न समजता पाठ केलेलं बोलणे
गृहीत धरणे: खात्री न करता खरं मानणे
जिवावर बेतणे: जीव जाण्याची वेळ येणे

समजलं का?

१. पंखावरच्या दहिवरामुळे वजनापेक्षा मोठी अडचण कोणती होते? तीन-चार वाक्यांत सांगा.
२. वॉशिंग्टनच्या विमानाने पुढच्या विमानाच्या जवळ जाणं का धोक्याचं ठरलं?
३. समोरचा एक काटा चुकीचा आकडा का दाखवत होता? बाकीचे काटे काय सांगत होते?
४. ड्रायडनच्या विमानात कुणाकुणाला हिम दिसलं होतं? ते का बोलले नाहीत?
५. नारिंगी आणि हिरव्या द्रवाची कामं कशी वेगळी आहेत?

भाषेचा सराव

पुढची मोघम वाक्यं तीन पायऱ्या वापरून स्पष्ट करा. 'तुम्ही' कुठे येईल आणि 'तू' कुठे, याकडे लक्ष द्या.

अ. 'काका, रस्ता जरा... निसरडा आहे का हो?' (काका गाडी वेगाने चालवत आहेत.)
आ. 'आजी, काहीतरी वास येतोय वाटतं.' (गॅस चालू राहिला आहे.)
इ. 'दादा, तुझा हा प्रयोग... जाऊ दे.' (दादाने प्रयोगाचं मोजमाप चुकीचं लिहिलं आहे.)

बोलूया

दोघादोघांच्या जोड्या करा. एक जण कॅप्टन, दुसरा सहवैमानिक. पंखावर हिम आहे, उशीर झालाय, प्रवासी वैतागले आहेत. सहवैमानिकाने शंका मांडायची आणि कॅप्टनने ती ऐकून घेऊन निर्णय घ्यायचा. मग भूमिका बदला. खेळ संपल्यावर वर्गाला सांगा, बोलणं जास्त अवघड गेलं की ऐकून घेणं?

घरी लिहा

आई, बाबा किंवा आजी-आजोबांना विचारा: लहानपणी मोठ्यांचं काहीतरी चुकतंय असं दिसलं, तेव्हा तुम्ही काय केलं होतं? त्यांनी सांगितलेला प्रसंग १० ते १२ ओळींत लिहून आणा. या पाठातला निदान एक वाक्प्रचार वापरा.